फोनमधला कोणता रेडिओ कुणाशी बोलतोय?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. माझं वय ६१. स्मार्टफोन रोज वापरते, पण त्यावरचे निम्मे शब्द डोक्यावरून जातात. घरच्या वाय-फायची दोन नावं दिसतात, त्यातल्या एकाच्या शेवटी ‘५जी’ आहे. माझा फोन मात्र ४जी. मग मला ५जी मिळतंय की नाही? कधी वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं असतं, तरी साधा फोटो जात नाही. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू राहिलं तर डेटा संपतो का? आणि मराठीत पाठवलेला एकच एसएमएस दोन-तीन म्हणून का मोजला जातो? मुलाला विचारलं की तो ‘आई, दे इकडे’ म्हणतो, फोन घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि परत देतो. काम होतं, पण मला कळत काहीच नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच. शब्दांची यादी पाठ करायची माझी तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, यादी पाठ करू नका. एलटीई, एनएफसी, जीपीएस यांची लांबलचक इंग्रजी रूपं घडाघडा म्हणता आली, तरी अडलेला फोटो काही जाणार नाही. तुमच्या मुलालाही ती सगळी पाठ असतील असं मला वाटत नाही. कुठे बोट लावायचं ते त्याला सवयीनं ठाऊक झालंय, एवढंच. तुम्हाला मात्र कारण हवंय, आणि ते एकदा कळलं की फोन बदलला तरी कामाला येतं.

त्यासाठी एकच प्रश्न जवळ ठेवा. फोनवर कुठलाही बिनतारी शब्द दिसला की विचारायचं: याचं एक टोक माझ्या हातात आहे, दुसरं कुठे आहे?

तुमच्या फोनमध्ये एक रेडिओ नाही, पाच-सहा आहेत, आणि प्रत्येकाचं दुसरं टोक वेगळं. मोबाइल नेटवर्कचं दुसरं टोक टॉवरवर, काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत लांब. वाय-फायचं घरातल्या राउटरवर, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या खोक्यावर. ब्लूटूथचं कानातल्या इअरबडमध्ये किंवा मनगटावरच्या घड्याळात, साधारण दहा मीटरच्या आत. एनएफसीचं जेमतेम चार सेंटीमीटरवर, म्हणून तर फोन टेकवून पैसे देताना तो यंत्राला जवळपास चिकटवावा लागतो. आणि जीपीएसचं दुसरं टोक डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांमध्ये. हे रेडिओ आपापलं काम स्वतंत्रपणे करतात. एक अडला म्हणून दुसरा अडत नाही, आणि एक चालू आहे म्हणून दुसराही चालू असेल असं नाही. ‘नेट चालत नाहीये’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यामागे निदान तीन वेगळे बिघाड असू शकतात. कुठलं टोक सुटलंय हे कळलं की अर्धं काम झालं.

आता तुमचं ‘५जी’. इथे गोंधळ झाला यात तुमची काहीही चूक नाही. राउटरला नावं देताना निष्काळजीपणा झाला आणि त्याचा त्रास वापरणाऱ्यांना होतोय, याचा मला खरोखर राग येतो. मोबाइल सेवेच्या ५जीमधला ‘जी’ पिढी सांगतो, म्हणजे पाचव्या पिढीचं नेटवर्क. राउटरच्या नावामागचा ‘जी’ गिगाहर्ट्झचा, म्हणजे लहरींच्या वारंवारतेचा. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत काम करतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातली लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीची, दुसऱ्यातली सुमारे सहा. २.४ची लहर भिंतींतून जास्त चांगली पार होते आणि घराच्या पार टोकाच्या खोलीपर्यंत पोचते. पण त्या पट्ट्यात जागा कमी आणि गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर तिथेच, ब्लूटूथ तिथेच, इतकंच काय, मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐसपैस जागा आहे, म्हणून वेग चांगला मिळतो. दोन भिंती मध्ये आल्या की मात्र तिथली लहर दमते. तेव्हा राउटर असलेल्या खोलीत बसून व्हिडिओ कॉल करायचा असेल तर ‘५जी’ लिहिलेलं नाव निवडा, आणि लांबच्या खोलीत असाल तर दुसरं. दोन्ही नावांमागचं इंटरनेट एकच आहे, पासवर्डही बहुधा एकच असेल.

तुमच्या ४जी फोनला ते नाव यादीत दिसतंय, याचा अर्थ त्याच्या वाय-फायला ५ गिगाहर्ट्झ पकडता येतं. ज्या फोनला ते जमत नाही, त्याच्या यादीत ते नाव येतच नाही. म्हणजे मोबाइलची ५जी सेवा तुम्हाला मिळत नाहीये, आणि घरी वाय-फायवर असताना त्यानं तुमचं काही अडतही नाही. राउटरच्या खोक्यावर ‘वाय-फाय ६’ किंवा ‘वाय-फाय ७’ असं काही दिसलं, तर तो आकडा आणखी तिसराच. ती वाय-फायची स्वतःची पिढी. पहिलं मानक १९९७ साली आलं, आणि वाय-फाय ७ची उपकरणं प्रमाणित व्हायला लागली ती २०२४मध्ये.

भरलेलं चिन्ह आणि अडलेला फोटो, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण रोजचा मनस्ताप यातूनच होतो.

वाय-फायचं चिन्ह फोन आणि राउटर यांच्यामधल्या सिग्नलची ताकद दाखवतं, बास. राउटरच्या पुढे काय चाललंय हे त्या पंख्यासारख्या रेषा सांगत नाहीत. घरापासून फाटकापर्यंतची वाट लख्ख आहे, पण फाटकापुढचा पूल वाहून गेलाय, अशी ती अवस्था. घरातून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं.

पुढच्या वेळी फोटो अडला की आधी त्या चिन्हाकडे नीट बघा. शेजारी बारीकसं उद्गारचिन्ह आलंय का? अँड्रॉइड फोनवर त्याचा अर्थ असा की राउटरशी जोडणी आहे, पण पुढे इंटरनेट नाही. मग घरातला दुसरा एखादा फोन त्याच वाय-फायवर चालतोय का ते बघा. तोही अडला असेल तर तुमच्या फोनच्या सेटिंगला हात लावायची गरजच नाही. दोष राउटरमध्ये, त्याच्या पुढच्या तारेत किंवा सेवा देणाऱ्या कंपनीकडे आहे. राउटरवरचे दिवे बघा. बऱ्याच राउटरवर वाय-फायचा दिवा वेगळा आणि इंटरनेटचा वेगळा असतो. पहिला चालू आणि दुसरा विझलेला किंवा लाल झालेला दिसला की निदान झालं. राउटर बंद करा, अर्ध्या मिनिटानं चालू करा, आणि त्याला सावरायला दोन-तीन मिनिटं द्या. तरी दिवा तसाच राहिला तर कंपनीला फोन करून ‘इंटरनेटचा दिवा लाल आहे, वाय-फाय ठीक आहे’ एवढं वाक्य सांगा. समोरचा माणूस तुम्हाला फोन रीस्टार्ट करायला सांगण्यात वेळ घालवणार नाही.

दुसरा फोन चालतोय आणि फक्त तुमचाच अडलाय, तर मात्र तुमच्या फोनकडे बघायचं. विमान मोड लावा, दहा सेकंद थांबा, काढा. त्यानं फोनचे नेटवर्कचे रेडिओ बंद होऊन नव्यानं जोडले जातात, आणि अनेकदा तेवढ्यानं गाडी रुळावर येते. नाही आली तर वाय-फायच्या यादीत आपल्या नावावर जाऊन ते ‘विसरायला’ सांगा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. इतकं करूनही फोटो अडलेलाच असेल तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाठवून बघा. तिथून गेला, तर अडचण वाय-फायच्याच वाटेवर आहे. दोन्हीकडून जात नसेल आणि बाकीची अ‍ॅप चालत असतील, तर रेडिओंना दोष देऊ नका, त्या एका अ‍ॅपचंच काहीतरी बिनसलंय.

घराबाहेर पडताना, जिन्यात किंवा फाटकाशी, असाच एक प्रकार होतो. फोन घरच्या वाय-फायचा क्षीण धागा सोडायला तयार नसतो, त्यामुळे मोबाइल डेटाला रेंज असूनही काही क्षण काहीच हलत नाही. अशा वेळी हातानं वाय-फाय बंद करा, लगेच फरक दिसेल. काही फोन वाय-फाय दुबळं झालं की आपणहून मोबाइल डेटावर जातात. सोय चांगली आहे, पण घरी असूनही डेटा कुठे गेला असा प्रश्न पडत असेल तर सेटिंगमध्ये ते एकदा तपासा.

याच ओघात हॉटस्पॉटचं सांगून टाकतो, कारण त्यात भले भले फसतात. तुम्ही प्रवासात आहात, तुमच्या फोनचा हॉटस्पॉट मुलाच्या लॅपटॉपला दिलात. लॅपटॉपवर वाय-फायचंच चिन्ह दिसणार, कारण लॅपटॉप आणि तुमचा फोन यांच्यामधला दुवा खरोखरच वाय-फायचा आहे. पण त्याच्या पुढचा दुवा तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचा, आणि तो तुमच्या मोबाइल डेटावर चालतो. लॅपटॉपला वाटतं आपण घरच्या वाय-फायवर आहोत, आणि तो निवांत अपडेट उतरवायला लागतो, फोटोंचा बॅकअप घ्यायला लागतो. तुमचा दिवसाचा डेटा अर्ध्या तासात साफ. म्हणून हॉटस्पॉट जोडल्यावर लॅपटॉपवर त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’ अशी खूण करून ठेवायला सांगा, म्हणजे तो मोठी कामं लांबणीवर टाकतो. आणि काम झालं की हॉटस्पॉट आठवणीनं बंद करा. बॅटरीही त्याच वेगानं उतरते.

आता टॉवरकडचा दुवा. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९४७ साली एक कल्पना कागदावर आली: सगळ्या प्रदेशासाठी एकच प्रचंड प्रक्षेपक उभारण्याऐवजी प्रदेशाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला त्याचा टॉवर द्यायचा, आणि थोड्या अंतरावरच्या तुकड्यात त्याच वारंवारता पुन्हा वापरायच्या. त्या तुकड्याला सेल म्हणतात. हातात धरायच्या फोनवरून पहिला कॉल व्हायला त्यानंतर पाव शतक गेलं. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून केला. आजचे फोन याच रचनेवर चालतात. गाडीत बोलताना तुम्ही एका तुकड्यातून दुसऱ्यात जाता आणि कॉल न तुटता एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, त्याला हँडओव्हर म्हणतात. सेलमधली क्षमता तिथल्या सगळ्यांत वाटली जाते, हेही लक्षात ठेवा. मोठ्या गर्दीत रेंजच्या दांड्या भरलेल्या असूनही नेट गोगलगाय होतं ते यामुळे. टॉवर ऐकू येतोय, पण तो हजारो फोनना एकाच वेळी उत्तरं देतोय. तिथे विमान मोड लावून काढून काही साधणार नाही. थोडं बाजूला जा, नाहीतर गर्दी ओसरेपर्यंत थांबा.

पिढ्यांचं थोडक्यात. पहिली पिढी १९७९ साली तोक्योत सुरू झाली, त्यात फक्त बोलणं होतं. १९९१मध्ये फिनलंडात जीएसएम नावाचं नेटवर्क आलं, ती दुसरी. तिसरी २००१मध्ये जपानात, चौथी २००९च्या अखेरीस स्टॉकहोम आणि ऑस्लोत, आणि पाचवी २०१९मध्ये दक्षिण कोरिया आणि अमेरिकेत. फोनच्या माथ्यावर कोपऱ्यात जे अक्षर येतं ते या पिढीचंच. इंग्रजी ‘ई’ दिसलं तर तुम्ही दुसऱ्या पिढीच्या डेटावर आहात, फोटो पाठवायची आशा सोडा. ‘एच’ म्हणजे तिसरी. ‘४जी’ किंवा ‘एलटीई’ म्हणजे चौथी, दोन्ही एकच समजा. ‘व्होल्टे’ दिसलं तर तुमचा आवाजही ४जीच्या डेटा-जाळ्यातून जातोय. ते बंद असेल तर कॉल आला की फोन जुन्या पिढीवर उतरतो आणि बोलत असताना नेट मंदावतं किंवा थांबतं. तुमच्याकडे असं होत असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टे चालू आहे का ते बघा. त्याच्याच शेजारी बहुधा वाय-फाय कॉलिंग असतं. घराच्या आतल्या खोलीत रेंज नसते, पण वाय-फाय पोचतं, अशा वेळी तुमचा नेहमीचा कॉल त्या मार्गानं जाऊ शकतो. तुमच्या कंपनीनं ते दिलं असेल तर जरूर चालू ठेवा.

रेंजच्या दांड्यांवर फार विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्या फोनना बांधून ठेवणारा नियम नाही, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. शेजारी ठेवलेल्या दोन फोनवर एकाला चार आणि एकाला दोन दिसल्या म्हणून पहिला चांगला ठरत नाही. खरा आकडा हवा असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘फोनबद्दल’च्या सेटिंगमध्ये, सिमच्या स्थितीखाली तो सापडतो. तो डीबीएम या सिग्नलची ताकद मोजायच्या एककात आणि उणे चिन्हासह असतो. ४जीवर उणे ८०च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ११० ते १२०कडे गेला की कॉल तुटायला लागतात. या मोजमापात १०चा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे उणे ९५ आणि उणे १०५ यांत दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक आहे. रेंज कमी असते तेव्हा टॉवरपर्यंत पोचायला फोन स्वतःची ताकद वाढवतो. एखाद्या ठिकाणी काही न करताही बॅटरी भराभर उतरते, त्यामागे बरेचदा हेच असतं.

वेगाच्या आकड्यांतही एक खाच आहे. जोडणीचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात, त्यातला ‘बी’ छोट्या लिपीतला, म्हणजे बिट. फाइलचा आकार एमबीमध्ये, तो ‘बी’ मोठा, म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसची जोडणी असली तरी सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीच उतरणार. कंपनीनं फसवलं असं वाटण्याआधी आठनं भागून बघा.

ब्लूटूथचं उत्तर सोपं आहे: त्यानं तुमचा डेटा संपत नाही. दुसरं टोक इअरबडमध्ये आहे, इंटरनेट या वाटेवर येतच नाही. गाणं ऑनलाइन ऐकत असाल तर डेटा गाणं उतरवण्यात जातो, कानापर्यंत पोचवण्यात नाही. बॅटरीही आताच्या फोनमध्ये नगण्य खर्च होते. गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्झमध्ये राहूनही ते टिकतं, कारण नेहमीचं ब्लूटूथ एका जागी बसत नाही. ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं, त्यामुळे एखाद्या जागी अडथळा आला तरी तो क्षणभराचाच. अनोळखी उपकरणानं ‘जोडू का?’ असं विचारलं तर मात्र नाही म्हणा. कुतूहल म्हणूनही हो म्हणू नका.

लोकेशन जरा वेगळं आहे. फोनमधला जीपीएसचा रेडिओ फक्त ऐकतो, उपग्रहाला काहीही पाठवत नाही. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत सांगत असतो. तो संदेश तुमच्यापर्यंत यायला किती उशीर झाला यावरून फोन अंतर काढतो, आणि चार उपग्रह ऐकू आले की तुमची जागा ठरते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते, इतकं हे काम नाजूक. अमेरिकेच्या जीपीएससोबत रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू आणि भारताचं नाविक यांचे उपग्रहही अनेक फोन ऐकतात. यात इंटरनेट लागत नाही, म्हणजे डेटाही लागत नाही. डेटा लागतो तो नकाशाचं चित्र आणि रहदारीची माहिती उतरवायला. तुम्ही जाणार आहात त्या भागाचा नकाशा घरी वाय-फायवर आधीच उतरवून ठेवलात, तर डेटा बंद असतानाही निळा ठिपका तुमच्यासोबत बरोबर सरकत राहील. एकदा हे करून बघाच. प्रवासात रेंज गेली की जीव कासावीस होतो, तो होणार नाही.

डेटा चालू असला की ठिपका लवकर सापडतो, हेही खरं. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट अशा संथ गतीनं सांगतो. बराच वेळ बंद असलेल्या फोनला ती आकाशातून ऐकायला निदान अर्धा मिनिट जातो, नेटवरून मात्र ती झटक्यात मिळते. बंद इमारतीत उपग्रह ऐकू येत नाहीत, तिथे फोन आसपासचे वाय-फाय आणि टॉवर बघून अंदाज बांधतो, म्हणून ठिपका कधीकधी पलीकडच्या गल्लीत दिसतो. माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा आहे. लोकेशन कुठल्या अ‍ॅपला द्यायचं ते एकेकाचं तपासा. नकाशाला हवंच. टॉर्चच्या किंवा कॅलेंडरच्या अ‍ॅपला कशाला? तिथे डेटापेक्षा तुमच्या खासगीपणाचा प्रश्न आहे.

आता एसएमएस, तुमचा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. एका एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात, म्हणजे ११२० बिट. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीला सहसा प्रत्येक चिन्हामागे १६ बिट द्यावे लागतात, म्हणून मावतात फक्त ७०. आणि चिन्ह म्हणजे आपण वाचतो ते अक्षर नव्हे. ‘क्षमस्व’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. फोन मोजतो सात: क, हलन्त, ष, म, स, हलन्त, व. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचीही प्रत्येकी एक जागा जाते. मजकूर ७०च्या वर गेला की त्याचे तुकडे पडतात, आणि तुकडे पुन्हा जोडण्याची खूण प्रत्येकात ठेवावी लागत असल्यानं एका तुकड्यात उरतात ६७. चार ओळींच्या शुभेच्छा तीन एसएमएस होतात त्या अशा. इंग्रजी मजकुरात एक जरी इमोजी टाकलात तरी सगळा मजकूर १६ बिटांत जातो आणि मर्यादा ७०वर येते. यावर उपाय म्हणून मराठी रोमन लिपीत लिहू नका, एवढी विनंती. लांब मजकूर असेल तर डेटावर चालणाऱ्या मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवा, तिथे ही अडचण नाही. एसएमएस मात्र अडीअडचणीसाठी लक्षात ठेवा. तो मोबाइल नेटवर्कच्या स्वतःच्या संकेतांच्या वाटेनं जातो, त्यामुळे डेटा बंद असताना, आणि कॉल लागणार नाही इतकी रेंज मंद असतानाही पुष्कळदा पोचतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सिम आणि आयएमईआय यांतला फरक सांगितल्याशिवाय पत्र संपवणं मला बरं वाटत नाही. आयएमईआय हा फोनचा १५ आकडी क्रमांक. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनच्या डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, तो समोर येईल. कागदावर लिहून घरात ठेवा, कारण फोन हरवल्यावर तो शोधायला फोनच हातात नसतो. तक्रार करताना आणि तो फोन नेटवर्कवर बंद करवताना हाच क्रमांक लागतो. सिम ही तुमच्या नंबरची ओळख. तिच्या आत एक गुप्त किल्ली असते, ती कार्डाबाहेर कधीच येत नाही. टॉवरनं विचारलेल्या कोड्याचं उत्तर कार्ड आतल्या आत त्या किल्लीनं काढतं. सिम हरवली तरी नंबर जात नाही, कारण कुठला नंबर कुठल्या सिमला हे कंपनीच्या नोंदीत असतं. नव्या सिमवर तो वळवता येतो.

ई-सिमही तेच काम करते, फक्त तिची चिप फोनमध्येच बसवलेली असते आणि ओळख बहुधा क्यूआर कोडवरून उतरवली जाते. इथे सावध राहा. ‘तुमची सिम ई-सिम करायची आहे, आलेला कोड सांगा’ असा फोन आला तर काहीही न सांगता ठेवून द्या. तो कोड दिला की तुमचा नंबर दुसऱ्याच्या फोनवर जाऊ शकतो, आणि मग बँकेचे ओटीपीही तिकडेच जातात. तुमच्या फोनची रेंज अचानक पूर्ण गेली, आसपासच्या लोकांची त्याच कंपनीची ठीक आहे, आणि विमान मोड लावून काढूनही ती परत येत नाही, तर वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला, लगेच बँकेला कळवा.

आता मुलाबद्दल. त्याचा हेतू वाईट नाही, त्याला चटकन काम उरकून द्यायचं असतं. पण त्यात तुमचं शिकणं राहून जातं, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही सांगा. पुढच्या वेळी फोन त्याच्या हातात देऊ नका. ‘तू तोंडानं सांग, बोट मी लावते’ म्हणा. पहिल्यांदा वेळ लागेल, तो उसासे टाकेल, टाकू द्या. आणि त्याला ‘हे कसं करायचं?’ ऐवजी ‘अडलंय ते राउटरच्या अलीकडे की पलीकडे?’ असं विचारा. या प्रश्नाला चार ठिकाणी बोट लावून उत्तर देता येत नाही, त्याला थांबून समजावून सांगावंच लागेल.

सुरुवात आज संध्याकाळीच करा, तीही काही बिघडलेलं नसताना. राउटरच्या खोलीत बसून ‘५जी’ लिहिलेल्या नावाला फोन जोडा आणि चिन्ह बघा. मग फोन घेऊन घराच्या टोकापर्यंत चालत जा, मध्ये प्रत्येक भिंतीनंतर थांबून चिन्ह किती उतरलं ते बघा. परत येऊन दुसऱ्या नावाला जोडा आणि तीच फेरी पुन्हा मारा. राउटरचे सगळे दिवे ठीक असताना कसे दिसतात त्याचा एक फोटोही काढून ठेवा. फोटो पुन्हा अडला आणि इथे लिहिलेल्या गोष्टी करूनही जाईना, तर मला तीन गोष्टी लिहून कळवा: चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह होतं का, दुसरा फोन चालत होता का, आणि राउटरचा कुठला दिवा बदललेला दिसला.